मागलें दार

गेल्या पावसाळ्यांत कांहीं दिवस आमचा मुक्काम मुळशी तालुक्यांतील माले या गांवीं होता. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यांत एका लहानशा उपकरणाचा ड्रायव्हर, म्हणजे तें उपकरण चालविणारी आज्ञावली, आहे; तींतील गणतीचा दोष काढण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें होतें.

संगणकाच्या स्मृतींतील एकच वस्तु अनेकजण वापरीत असतात. ती केव्हां टाकून द्यावी हें कळण्यासाठीं वापरणारांची संख्या मोजून ठेवितात. नवा आला कीं एक वाढवावयाचा, गेला कीं एक उणा करावयाचा. शून्य होतांच वस्तु टाकावयाची. ऐकावयास हें सोपें. पण दोष आम्हांस चार दिवस सांपडेना.

एके सायंकाळीं पावसानें वीज गेली. ओटीवर एकच कंदील लावला. भोंवतीं घरचीं मुलें वाचीत बसलीं. आजोबांनीं नियम घातला: बसतांना भिंतीवर खडूची रेघ ओढावी, उठतांना एक पुसावी, शेवटली रेघ पुसणारानें कंदील मालवावा. मध्यरात्रीं पाहतों तों ओटी रिकामी, आणि कंदील जळतोच आहे! भिंतीवर एक रेघ राहिली होती. पोटांत दुखूं लागलें म्हणून धाकटा मागल्या दारानें निघून गेला होता.

आमचे डोळे उघडले. ड्रायव्हरमध्येंहि काम बिघडलें म्हणजे बाहेर पडण्याची एक मागली वाट होती, आणि तेथेंच रेघ पुसावयाची राहिली होती. उतावीळपणानें आम्हीं दोन्ही वाटांवर पुसण्याची आज्ञा घातली. तों संगणकच बंद पडला! सरळ वाटेवरची रेघ पूर्वींच पुसली जात होती. ती आतां दोनदां पुसली जाऊं लागली, म्हणजे कोणी वाचीत असतांनाच दिवा गेला. जास्तीची आज्ञा काढली तेव्हां काम साधलें.

अशा चुका थोरांच्याहि हातून होतात. लिनक्सच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागांत असाच एक दोष २०१६ सालीं उघडकीस आला. न पुसलेल्या रेघा मुद्दाम वाढवीत नेल्या तर ३२ बिटांची गणती सुमारें ४२९ कोटींनंतर पुनः शून्यावर येई, आणि वापरांतली वस्तु टाकली जाई. २०१७ सालीं नवी गणती योजिली. ती भरली म्हणजे तेथेंच थांबते. तेल जळालें तर जळो, पण वाचणारा अंधारांत पडूं नये, असा हा न्याय.

बालमित्रहो, पुढल्या दारानें जातांना रेघ पुसणें सर्वांसच आठवतें. अडचणींत, घाईनें मागल्या दारानें जातांनाहि जो ती पुसून जातो, त्याच्या हातीं घरचा दिवा निःशंकपणें द्यावा.