निजलेला पहारेकरी

सही करणें हा आमच्या धंद्यांतला एक मोठा उद्योग आहे. अध्यापनाच्या पहिल्या दहा वर्षांत माणूस शिकवितो, पुढच्या दहांत समित्यांवर बसतो आणि पन्नाशी उलटली कीं सह्या करूं लागतो. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक; परंतु महाविद्यालयाचें उपप्राचार्यपद पत्करल्यापासून सात वर्षें दर मे महिन्यांत एका लांबट नोंदवहीवरहि सही करीत आलों. तिच्यावर 'विद्युत्-उपकेंद्र' असें लिहिलेलें होतें आणि आंत दर वर्षीं एकच मजकूर असे : 'मुख्य ब्रेकर तपासला. स्थिति समाधानकारक.' हा ब्रेकर म्हणजे काय, तो कोणीं तपासला, आणि समाधान नक्की कोणाचें झालें, हे प्रश्न आमच्या मनाला कधीं शिवले नाहींत. जी वस्तु तक्रार करीत नाहीं ती ठीकच असली पाहिजे, ह्या तर्कशास्त्रावर अर्धें जग चालतें. आम्ही त्या अर्ध्या जगांतलेच.

इ. स. २०२२ च्या मार्च महिन्यांत, परीक्षेच्या ऐन धामधुमींत, ग्रंथालयाच्या इमारतीकडे जाणारी जाड केबल चरांतल्या चरांत धुमसूं लागली. पंख्यांच्या आणि दिव्यांच्या काळांत घातलेल्या त्या केबलवर पुढें संगणक आले, वातानुकूलक आले. तिला कोणीं विचारलें नाहीं. तिचें आवरण करपलें आणि प्रवाह ठिणग्या उडवीत जमिनीची वाट शोधूं लागला. आमच्याकडे नुकताच लागलेला वायरमन, बाविशींतला पोरगा, उपकेंद्राकडे धांवला. ब्रेकरच्या तोंडावर एक लाल गुंडी असते. ती दाबतांच प्रवाह तुटावयाचा. त्यानें ती दाबली. कांहीं झालें नाहीं. पुन्हां दाबली, तरी नाहीं. तिसऱ्या खेपेस सर्व अंगाचा भार घातला, तेव्हां आंत दार आपटल्यासारखा आवाज झाला आणि इमारत अंधारली. आम्ही पोंचलों तेव्हां तो पायरीवर बसून पाणी पीत होता आणि त्याच्या हातांतलें भांडें थरथरत होतें.

आम्हीं त्याची पाठ थोपटली. शेजारीं उभे असलेले जुने मिस्त्री मात्र गंभीर होते. ते म्हणाले, "सर, पोराचं कौतुक करा, पण त्याला धावायला लागलं हीच चूक आहे. ब्रेकर आपण होऊन पडायला पाहिजे होता."

त्या वाक्यासरशीं आम्हांला ती लांबट नोंदवही आठवली, आणि तीवरच्या आपल्या सात सह्याहि आठवल्या.

ह्या यंत्राची आमची ओळख तेव्हां प्रथम झाली. फ्यूज आणि ब्रेकर एकाच कुळांतले. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला कीं फ्यूजची तार वितळून स्वतःचा बळी देते; ब्रेकर प्रवाह तोडतो आणि पुन्हां कामावर रुजू होतो. आमचा ब्रेकर १९७४ सालचा, ८०० अँपिअरचा, हवेंत प्रवाह तोडणारा. त्याचें शरीर पाहण्यासारखें आहे. तांब्याचे भक्कम संपर्क, त्यांना झटक्यानें दूर ओढणाऱ्या स्प्रिंगा आणि वर प्रत्येक फेजसाठीं एक खोकें. संपर्क सुटतांना जी विद्युज्ज्वाला पेटते ती ह्या खोक्यांत शिरते, आंतल्या पत्र्यांवर तिचे तुकडे होतात आणि ती निवून विझते.

परंतु हें सर्व केव्हां करावयाचें, हें ठरविणारी त्याची बुद्धि अगदीं साधी होती. प्रत्येक फेजचा प्रवाह एका वेटोळ्यांतून जाई. तें वेटोळें लोखंडाचा तुकडा वर ओढी. आणि त्या तुकड्यानें उगीच घाई करूं नये म्हणून त्याला तेलाच्या डबींत बुडालेला एक दट्ट्या जोडलेला असे. भार थोडा अधिक असला तर दट्ट्या सावकाश वर येई, पुष्कळ असला तर लौकर. वर पोंचला कीं खटका निसटे. प्रवाह जमिनींत झिरपतो आहे हें ओळखणारें इंद्रिय मात्र ह्या यंत्राला मुळींच नव्हतें. ठिणग्या उडवीत जमिनींत जाणारा प्रवाह कित्येकदां बेताचाच असतो. ८०० अँपिअरची राखण करणाऱ्याला तो नेहमींच्या भारासारखाच वाटतो. हा धोका जगाला नवा नाहीं. अशा बेताच्या प्रवाहांनीं अमेरिकेंत मोठमोठीं पॅनेलें जळून गेलीं, तेव्हां तेथील विद्युत्-संहितेच्या १९७१ च्या आवृत्तींत मोठ्या मुख्य ब्रेकरांना जमिनींत जाणाऱ्या प्रवाहापासून संरक्षण देण्याची सक्ति झाली.

उन्हाळ्याच्या सुटींत ब्रेकर बाहेर काढून तपासावयाचें ठरलें. ह्या खेपेस आम्ही स्वतः खुर्ची टाकून बसलों. अत्यल्प दाबानें प्रचंड प्रवाह देणारें एक यंत्र आणवून एकेका फेजमधून २,४०० अँपिअर, म्हणजे तिप्पट प्रवाह, सोडला. जुन्या आलेखाप्रमाणें ब्रेकर अर्ध्या मिनिटाच्या सुमारास पडावयास हवा होता. पहिल्या फेजच्या डबींतलें तेल झिरपून गेलेलें. ती पांच सेकंदांतच सुटली. दुसरी वेळेवर सुटली. तिसऱ्या फेजच्या डबींतलें तेल साकळून राळेसारखें झालेलें. एक मिनिट गेलें, दोन गेलीं, तीन गेलीं. अखेर तपासनिसानेंच यंत्र बंद केलें. आमच्या विद्यापीठांत असे तीन परीक्षक आम्हीं पुष्कळदां पाहिले आहेत : एक उत्तरपत्रिका न वाचतां नापास करणारा, एक न्यायी, आणि एक निजलेला. पण तेथें निकाल बिघडतो. येथें माणूस भाजतो. लाल गुंडी तीनदां कां दाबावी लागली तेंहि उमगलें. सांध्यांतलें वंगण सुकून मेणासारखें घट्ट झालें होतें.

समितींत दोन पक्ष पडले. एक म्हणे, सगळेंच पॅनेल नवें घ्या. दुसरा म्हणे, शरीर धडधाकट आहे, बुद्धि तेवढी नवी बसवा. खजिनदार अर्थातच दुसऱ्या पक्षाचे; आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि त्यांच्याकडे झुकलों होतों. परंतु समितींतल्या एका निवृत्त अभियंत्यांनीं आम्हांला एका प्रश्नापाशीं थांबविलें. ते म्हणाले, नव्या बुद्धीनें जुन्या हातांचें बळ वाढत नाहीं. तेव्हां ते हात पुरेसे आहेत काय, तें आधीं पाहा. त्यांनीं पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. आमचा ट्रान्सफॉर्मर ५०० के.व्ही.ए.चा, ४३३ व्होल्टांचा. त्याचा पूर्ण भार सुमारें ६६७ अँपिअर. त्याचा अंतर्गत अडथळा शेंकडा ५. म्हणून त्याच्या तोंडाशींच तारा एकमेकींस भिडल्या तर प्रवाह वीसपट, म्हणजे १३,००० अँपिअरांच्या वर जाईल. ब्रेकरच्या पाटीवर ३१,००० अँपिअर तोडण्याची शक्ति कोरलेली होती. उद्यां मोठा ट्रान्सफॉर्मर आला तर हा हिशेब पुन्हां करावा लागेल, हें त्यांनीं खालीं लिहून ठेवलें. मग संपर्कांचा अवरोध मोजला, मेगरनें आवरण तपासलें, खोकीं तडकलीं नाहींत ना तें पाहिलें. जुन्या खोक्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव. म्हणून त्यांवरची धूळ हवेच्या झोतानें न उडवितां ओल्या फडक्यानें टिपली. सांधे धुऊन नवें वंगण घातलें. शरीर एवढें सुधारल्यानंतरच बुद्धीचा प्रश्न निघाला.

ही नवी बुद्धि पुस्तकाएवढ्या पेटींत मावते. वेटोळीं आणि तेलाच्या डब्या निघून जातात. त्यांच्या जागीं तांब्याच्या सरळ पट्ट्या येतात आणि त्यांभोंवतीं कडीसारखे प्रवाहमापक, ज्यांना कारागीर सी.टी. म्हणतात, ते बसतात. मोठ्या प्रवाहाची लहानशी प्रतिमा ते पेटीकडे धाडतात, आणि त्याच प्रतिमेवर पेटीचें पोटहि भरतें. संरक्षणासाठीं तिला वेगळा वीजपुरवठा लागत नाहीं. खटक्यापाशीं एक दांडा दबलेल्या स्प्रिंगेसह चुंबकानें धरून ठेवलेला असतो. पेटीनें एक लहानसा विद्युत्-स्पंद पाठविला कीं चुंबकाची पकड क्षणभर सुटते आणि दांडा खटक्यावर जाऊन आदळतो. अशीं यंत्रें १९७० नंतरच्या दशकांत पसरूं लागलीं. पहिल्या पिढींतलीं कित्येक प्रवाहाच्या लाटेचा केवळ माथा मोजीत. संगणकांनीं आणि आधुनिक दिव्यांनीं लाटेचा आकार वेडावांकडा केला कीं तीं फसत. पुढचीं यंत्रें प्रवाहाचें खरें उष्णतामूल्य मोजूं लागलीं. थोडा जादा भार, मोठा भार, तारांची प्रत्यक्ष भेट आणि जमिनींत जाणारा प्रवाह, ह्या चार प्रसंगांसाठीं चार निरनिराळ्या मर्यादा तींत नेमतां येतात. आणि खालच्या धाकट्या ब्रेकरांनीं आधीं पडावें म्हणून थोरल्यानें किती दशांश सेकंद थांबावें, हेंहि ठरवितां येतें. मात्र ह्या थांबण्याला किंमत आहे. विद्युज्ज्वालेची आंच वेळेबरोबर वाढत जाते. दोन दशांशांऐवजीं चार दशांश थांबलें तर पॅनेलासमोर उभ्या असलेल्या माणसाला जवळजवळ दुप्पट आंच लागावयाची. तो माणूस कोण, हें आम्हांला आतां माहीत होतें. म्हणून त्या आंकड्यांवर आम्हीं पूर्वीसारखी डोळे झांकून मान डोलावली नाहीं.

कामाच्या दिवशीं मिस्त्रींचा करडा अंमल होता. पुरवठा तोडल्यावर प्रत्येक माणसानें आपापलें कुलूप लावावयाचें आणि किल्ली आपल्याच खिशांत ठेवावयाची. दाब आहे कीं नाहीं हें पाहण्याचें उपकरण आधीं चालू तारेवर, मग बंद तारेवर आणि पुन्हां चालू तारेवर लावून पाहावयाचें. कारण तें उपकरणच मेलेलें असेल तर सगळ्याच तारा मेलेल्या दिसतात. मग अर्थिंग करावयाचें. स्प्रिंगा मोकळ्या केल्यावांचून ब्रेकरांत बोट घालावयाचें नाहीं. सी.टी.च्या बाहेरच्या तारा कधींहि उघड्या ठेवावयाच्या नाहींत. आंतून प्रवाह वाहत असतां त्या सुटल्या तर तोंडाशीं जीवघेणा दाब उभा राहतो. पोरगा हें सगळें वहींत उतरून घेत होता.

संध्याकाळीं काम घेणाऱ्या मंडळींनीं पेटीला एका लहान यंत्रानें कृत्रिम संकेत दिला. पेटीनें चारहि परीक्षांत पैकीच्या पैकी गुण मिळविले, दांडा सुटला, ब्रेकर धाडकन् पडला. मंडळी हत्यारें आवरूं लागली. आम्हींहि लेखणी काढली.

"सर," मिस्त्री म्हणाले, "डोकं तपासलं. कान कुठं तपासले?"

त्यांचें म्हणणें असें कीं, कृत्रिम संकेत थेट पेटींत जातो, सी.टी. आणि त्यांच्या तारा बाजूलाच राहतात. तेव्हां पुन्हां तें प्रचंड प्रवाहाचें यंत्र आणावें. मंडळी कुरकुरली, दिवस वाढणार होता, भाडें वाढणार होतें. आम्हीं लेखणी खिशांत ठेवली आणि यंत्र आणावयास सांगितलें. सात वर्षांत आम्हीं केलेलें खरें प्रशासकीय काम तेवढेंच असावें.

दुसऱ्या दिवशीं तिन्ही फेजी आलेखाप्रमाणें ठरल्या वेळीं सुटल्या. मग एका फेजमधून प्रवाह घालून तो न्यूट्रलमधून परत आणला. गेला तितकाच परत आला. जमिनींत कांहींच गेलें नाहीं. तेव्हां ब्रेकरनें स्वस्थ राहावयास हवें. तो पडला! शोध घेतां दिसलें कीं न्यूट्रलवरच्या सी.टी.च्या दोन तारांची अदलाबदल झाली होती. जो प्रवाह वजा व्हावयाचा तो मिळविला जात होता. दोन स्क्रू सैल केले, तारा बदलल्या, पुन्हां प्रवाह सोडला. ब्रेकर स्वस्थ राहिला. दहा मिनिटांचें काम.

पण तीं दहा मिनिटें न दिलीं असतीं तर काय झालें असतें? हा ब्रेकर जूनमध्यें विनाकारण पडला असता, जुलैमध्यें पडला असता, प्रात्यक्षिकांच्या वेळीं पडला असता. प्राचार्य रागावले असते, आणि कोणी तरी शहाण्यानें जमिनींत जाणाऱ्या प्रवाहाची मर्यादा वाढवून ठेवली असती किंवा तें संरक्षणच बंद केलें असतें. मग सगळीकडे शांतता! आणि आम्हीं मे महिन्यांत सही केली असती : 'स्थिति समाधानकारक.' खोटी हांक मारणारा पहारेकरी आणि निजलेला पहारेकरी ह्यांत अखेर फरक उरत नाहीं. पहिल्याला त्रासून लोकच निजवतात.

नोंदवहींतला तो रकाना आतां बदलला आहे. तेथें विशेषण नसतें. किती अँपिअर सोडले, किती सेकंदांत पडला, कोणीं पाहिलें, एवढेंच असतें. मिस्त्री पुढच्याच वर्षीं निवृत्त झाले. किल्ल्यांचा जुडगा पोरग्याच्या हातीं देतांना ते त्याला म्हणाले, "बाळा, सरांना खुर्ची देत जा." त्याप्रमाणें दर मे महिन्यांत तो पुरवठा बंद करून ब्रेकर बाहेर ओढतो आणि आमच्यासाठीं खुर्ची आणून ठेवतो. आंकड्यांचें काम आटोपलें कीं तो लाल गुंडीवर एकच बोट ठेवतो आणि आमच्याकडे पाहतो. आम्ही मान हलवितों. दार आपटल्यासारखा तो आवाज होतो. मग आम्ही सही करतों.