ओवीखालचं नाव

समाजात जाऊन संशोधन कसं करावं, हे विद्यापीठात शिकवताना सुरुवात बहुधा प्रश्नावलीपासून होते. माझ्या मते ती नावापासून व्हायला हवी. ज्यानं आपल्याला सांगितलं, त्याचं नाव अहवालाच्या शेवटच्या पानापर्यंत टिकतं का? या धड्याचा सगळ्यात भक्कम दाखला लोणावळा लोकलच्या वाटेवरच, मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांत आहे. समाजसंशोधक गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर तिथल्या 'गरीब डोंगरी संघटने'सोबत काम करत होते. १९८०च्या दशकात त्याच कामातून जात्यावरच्या ओव्यांचा शोध सुरू झाला. तोवर पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या होत्या आणि पहाटेची जाती मुकी होऊ लागली होती. पुढे हा शोध महाराष्ट्रभर पसरला. हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या, बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रण केलं, संगणकावर मांडणी केली आणि २०१७पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर हा ठेवा सर्वांसाठी खुला होत गेला.

या संग्रहात ओवीखाली गाणारीचं नाव आणि गाव आहे. लोकगीत कुणा एकाचं नसतं, मग नाव कशाला, असा आक्षेप कुणी घेईल. ओवी परंपरेची असते हे खरंच. पण कुठली ओवी लक्षात ठेवायची, कुठे शब्द बदलायचा, सीतेच्या वनवासात आपला सासुरवास कुठे मिसळायचा, हे गाणारी ठरवते. ती माहिती पुरवणारी नव्हे, विचार करणारी बाई आहे. शिवाय नाव-गाव असलं तरच मावळातलं रूप मराठवाड्यातल्या रूपाशी ताडून पाहता येतं. कार्यकर्त्यांनी गोळा केलेली सामग्री एकांगी असते, या शंकेलाही इथंच उत्तर मिळतं: दुसऱ्याला पडताळता येईल असा पुरावा त्यांनी मागे ठेवला. 'पारी'चे लोक कित्येक वर्षांनी त्याच गावांत त्याच बायकांना शोधत गेले, ते या नोंदींच्या बळावर. निनावी नोंदीकडे असं परत जाता येत नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप संशोधनाच्या नीतीचा आहे. सांगणाऱ्याची ओळख झाका, असं आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि मावळात त्याला सबळ कारण आहे. पवना जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. धरण, द्रुतगती मार्ग आणि बंगल्यांसाठी जमिनी गेलेल्या या तालुक्यात सातबाऱ्याबद्दल बोलणाऱ्याचं नाव छापणं त्याला अडचणीत आणू शकतं. तिथं नाव झाकलंच पाहिजे. पण सरसकट सगळ्यांनाच 'उत्तरदाता क्रमांक सात' करून टाकणं ही नीती नाही, सोय आहे. जिथं माणूस साक्षीदार आहे तिथं त्याला आडोसा द्यावा, जिथं तो कर्ता आहे तिथं श्रेय द्यावं. आणि तो कोण आहे, हे त्याला विचारूनच ठरवावं. हा भेद फळ्यावर शिकवता येत नाही, म्हणूनच वर्ग गावात न्यायचा.

आता वेळेचं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२च्या मार्गदर्शिकेत समाजसहभागासाठी दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सुचवला. ओव्यांच्या कामाला मात्र कित्येक वर्षं लागली. एका सत्रात काय होणार, हा प्रश्न रास्त आहे. एका तुकडीच्या हातून फार काही होणार नाही, हे आधीच मान्य करावं. दरवर्षी नवं गाव निवडण्याचा हव्यास मात्र सोडावा. एकच गाव धरावं, प्रश्न ग्रामसभेत आणि बचत गटात बसून ठरवावा आणि मागच्या तुकडीची वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. त्या वहीची मराठीतली एक प्रत गावातच राहावी, गावकऱ्यांनी ती वाचून चुका दाखवाव्यात, आणि त्या दुरुस्त्या झाल्याशिवाय विद्यार्थ्याला गुण मिळू नयेत.