पॅरॅडॉक्स आणि प्लॅस्टिक

आज दिवसभर डोक्यात पॅरॅडॉक्स बंदूक घोळतेय. कर्नल फॉसबरीने १८८५ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि हॉलंड अँड हॉलंडने ती बनवली. नळी जवळजवळ सगळी गुळगुळीत. फक्त तोंडाशी काही इंच पिळाच्या खाचा. त्यामुळे एकाच बंदुकीतून छर्रेही उडत आणि वाघाला पुरेशी जड गोळीही. हिंदुस्थानातल्या साहेबी शिकाऱ्यांना ती आवडली, यात नवल नाही.

त्या काळी काडतुसात दारू आणि छर्ऱ्यांच्या मध्ये लोकरीच्या नमद्याची नि पुठ्ठ्याची चकती असे. पुढे तिथे प्लॅस्टिकची वाटी आली. ती वायू घट्ट अडवते, छर्ऱ्यांना नळीशी घासू देत नाही. घरी काडतुसं भरणारे काही हौशी आता जुन्या बंदुकांतही तीच घालतात. पण ही वाटी घडवली गुळगुळीत नळीसाठी. खाचांत तिचं प्लॅस्टिक घासून चिकटू शकतं. शिवाय नमदा मातीत कुजतो, वाटी मात्र रानात वर्षानुवर्षं पडून राहते.

सोय कळते मला. तरीही शंभरी ओलांडलेल्या नळीला नमदाच शोभतो, आणि रानालाही तोच परवडतो.