दिवस भरण्याआधी आलेली लेक

'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही,' असं आपल्याकडे बायका अजून म्हणतात. खरं तर उलट आहे. बाळ पोटात जितके आठवडे जास्त राहील तितकं चांगलं. पण असं मूल वाचून घरी आलं, की पुढे त्याला वाढवायचं कसं, हे फारसं कुणी सांगत नाही. माझी धाकटी तिसाव्या आठवड्यात झाली, वजन एक किलो तीनशे ग्रॅम. आता ती चार वर्षांची आहे, म्हणून हे लिहिते.

सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं आपल्या देशात २०२० साली सुमारे ३० लाख होती. तेव्हा असं मूल तुमच्याही आळीत असेलच.

अशा मुलाचं वय पहिली दोन वर्षं दिवस भरले असते त्या तारखेपासून मोजायचं. ही अडीच महिन्यांची वजाबाकी सासूबाईंना पटली आणि घरातली निम्मी काळजी मिटली. शेजारी मात्र 'वहिनी, अजून चालत नाही का हो?' हे चालूच होतं.

त्यात आमची भिवंडी. शेजारच्या गाळ्यात यंत्रमाग रात्रंदिवस खडखडतात. मूल बोलायला शिकतं ते ऐकून. या आवाजात त्याला शब्द नीट कळणार कसे? म्हणून मी तिला मागच्या खोलीत समोर बसवून, तोंडाकडे बघायला लावून बोलते. सुताची धूळ उडू नये म्हणून झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसते, कारण या मुलांची छाती नाजूक असते. संध्याकाळी जमेल तेव्हा वऱ्हाळा तलावाकडे मोकळ्या हवेत नेते.

तीन वर्षांची झाल्यावर तिला अंगणवाडीत घातली. आई म्हणाली, 'अगं, एवढीशी पोर, कशाला पाठवतेस?' पण घरात जपून वजन वाढतं. धीटपणा चार मुलांत मिसळल्यावरच येतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि शाळा मुलांच्या अंगणात नेली, ती याचसाठी. पहिले पंधरा दिवस पोर सेविकाताईंचा पदर सोडेना. आता घरी आल्यावर मलाच गाणी शिकवते.

एक मात्र खटकतं. गल्लीत अजून तिची ओळख 'ती सातव्यातली' अशीच करून देतात. 'तिला नको रे खेळायला घेऊ, पडेल,' असं मोठी माणसं बोलली, की मुलं तिला बाजूला बसवतात. तिला ते आता कळतं. बायांनो, चौकशी जरूर करा, पण मुलासमोर नको. आणि तुमच्या मुलाला सांगा, तिलाही डाव दे.

आयांना एवढंच सांगते : मूल धडधाकट दिसलं तरी शाळेत घालण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा सरकारी पथकाकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि ते दिवस भरण्याआधी जन्मलंय हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.