नोंदीबाहेरचे नुकसान

हार्वी चक्रीवादळाने १२५ अब्ज डॉलरचे नुकसान केले, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राच्या अहवालात नमूद आहे. त्याच अहवालात असेही म्हटले आहे की खरा आकडा ९० अब्ज ते १६० अब्ज यांच्या दरम्यान कुठेही असू शकेल. मी व्यवसायाने करसल्लागार आहे. ताळेबंदात सत्तर अब्जांची फट दिसली की आमच्या भुवया प्रथम उंचावतात. मग लक्षात येते की हे लिहिणारी माणसे प्रामाणिक आहेत. मोजता येण्यासारखे जे होते त्याचीच सीमा त्यांनी सांगितली आहे. २००५ च्या कत्रिना वादळापुढेही हाच १२५ अब्जांचा आकडा लिहिलेला असतो, आणि तिथे माणसे हजाराहून अधिक गेली. दोन निराळ्या दुःखांना एकच बेरीज, हे माझ्या शास्त्राला चालते. मला मात्र ते वर्षभर अस्वस्थ करीत राहिले.

२५ ऑगस्ट २०१७ रोजी, शुक्रवारी रात्री, ताशी सुमारे २१० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह हार्वी टेक्सासच्या रॉकपोर्ट गावाजवळ किनाऱ्याला धडकले. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती, आणि दुसऱ्या दिवसापासून आमचे दशलक्षण पर्व सुरू व्हायचे होते. रॉकपोर्ट ह्यूस्टनपासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर. त्यामुळे शनिवारी सकाळी पुष्कळांना वाटले, की आपण सुटलो. परंतु वादळ पुढे सरकेना. समुद्रावरून पाणी उचलायचे आणि त्याच त्या प्रदेशावर ओतायचे, असा क्रम त्याने चार दिवस चालवला. नेदरलँड नावाच्या गावी ६०.५८ इंच, म्हणजे १,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. माझ्या सांगलीत दोन वर्षांतही इतका पाऊस होत नाही. हवामान खात्याला आपल्या नकाशात जांभळ्या रंगाच्या दोन नव्या छटा घालाव्या लागल्या, कारण जुन्या रंगपट्टीत हा पाऊस मावत नव्हता.

मी सांगलीची, म्हणून पूर मला अनोळखी नव्हता. कृष्णा चढू लागली की तिकडे घराघरांत एकच प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती फूट?’ चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळिसाला धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ. नदी कुठून येणार आणि आधी कोणत्या गल्लीत शिरणार, हे ठाऊक असते. ह्यूस्टनमध्ये अशी एक नदी नाही. सपाट, चिकण मातीचा प्रदेश आणि त्यातून संथ वाहणारे बायू नावाचे ओढे. तिथे पाणी येत नाही. ते जागच्या जागी वाढते.

शहराच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर असे दोन जलाशय आहेत. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनी शहराचा मध्यभाग बुडाल्यावर लष्कराच्या अभियंता दलाने १९४० च्या दशकात ते बांधले. एरवी ते कोरडेच असतात. त्यांच्या आवारात उद्याने आणि मैदाने आहेत, हरणे चरतात. जलाशय पूर्ण भरला तर जेवढी जमीन पाण्याखाली जाईल तेवढी सगळी सरकारने विकत घेतलेली नव्हती. उरलेल्या जमिनीवर पुढे सुंदर वसाहती उभ्या राहिल्या, चांगल्या शाळा निघाल्या आणि तेल कंपन्यांतील आमच्या अनेक मराठी अभियंत्यांनीही तिथे घरे घेतली. आपण जलाशयाच्या पोटात राहतो, हे त्यांतल्या बहुतेकांना हार्वीनेच सांगितले. बांध फुटू नये म्हणून २८ ऑगस्टच्या पहाटे दरवाजे उघडले गेले, तेव्हा बांधाखालच्या वस्त्याही बुडाल्या. वरच्या बाजूच्या घरमालकांचे म्हणणे पुढे डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय दावे न्यायालयाने मान्य केले आणि सरकारला जबाबदार धरले. न्याय झाला असे म्हणावे, तर तोवर कितीतरी घरे विकली जाऊन लोक पांगलेही होते.

आमचे घर थोड्या उंचवट्यावर असल्याने पाणी गाडीवाटेपर्यंत येऊन थांबले. तीन गल्ल्यांपलीकडच्या एका मराठी कुटुंबाने घरी पाच दिवसांचा गणपती बसवला होता. तिसऱ्या संध्याकाळी ते मासेमारीच्या होडीतून बाहेर पडले. आजोबांच्या मांडीवर मूर्ती आणि औषधांचा डबा. होडी चालवणारे दोघे लुइझियानातून स्वखर्चाने आलेले अनोळखी लोक होते. त्यांनी मूर्तीविषयी काही विचारले नाही, फक्त तिच्यावर आपला रेनकोट घातला.

सप्टेंबरपासून दर शनिवारी आम्ही तिघे हिशेबनीस सार्वजनिक वाचनालयात एक टेबल मांडून बसू लागलो. मदतीचे अर्ज, विम्याचे दावे आणि कराची कागदपत्रे भरून द्यायची, एवढेच काम. बाहेर प्रत्येक रस्त्याच्या कडेला छातीएवढ्या उंचीचे ढीग होते. भिजलेल्या भिंतींचे चार-चार फूट कापून काढलेले तक्ते, गाद्या, गालिचे, पियानो, वह्या. त्या ढिगांचा वास अजूनही एखाद्या दमट दिवशी नाकात येतो. आत टेबलापाशी त्याच वस्तूंच्या याद्या होत. नेहमीच्या गृहविम्यात पूर धरलेला नसतो; त्यासाठी १९६८ पासून केंद्र सरकारची वेगळी योजना आहे, आणि इमारतीसाठी तिची मर्यादा अडीच लाख डॉलर. धोक्याच्या पट्ट्यात घर असेल तरच कर्ज देणारी बँक हा विमा सक्तीचा करते. पट्ट्याबाहेरच्या बहुसंख्यांनी तो घेतलेलाच नव्हता, आणि पाणी पट्ट्याबाहेर मनसोक्त फिरले होते.

ऑक्टोबरमध्ये एक होंडुरासची बाई आली. तिचे विवरणपत्र मी पूर्वीही भरत असे. ती लोकांची घरे साफ करी. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये मिच वादळाने मध्य अमेरिकेत अकरा हजारांहून अधिक माणसे मारली, त्यात तिचे गाव दरडीखाली गेले. पोटात मूल घेऊन ती डिसेंबरात टेक्सासला पोहोचली. त्या वादळामुळे होंडुरासच्या लोकांना अमेरिकेने जानेवारी १९९९ मध्ये तात्पुरते संरक्षण दिले होते. त्याखाली तिला कामाचा परवाना मिळाला, आणि अठरा वर्षे ती नियमाने कर भरत आली. हार्वीत तिची भाड्याची खोली बुडाली, जुनी गाडी बुडाली. पाच लाखांपर्यंत गाड्या बुडाल्या, असे अहवाल सांगतो. त्यातली ही एक. तिच्या गाडीच्या विम्यात फक्त दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई होती.

केंद्राची रोख मदत त्या वर्षी एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३३,३०० डॉलर होती. पण तात्पुरते संरक्षण असलेल्या व्यक्तीला स्वतःच्या नावाने ती मिळत नाही. घरात अमेरिकेत जन्मलेले अठरा वर्षांखालील मूल असेल, तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो. तिचा मुलगा जून १९९९ चा. वादळाच्या दोन महिने आधी त्याने अठरा पूर्ण केली होती. एका वादळाने तिला या देशाचा दरवाजा उघडून दिला होता. दुसऱ्या वादळाच्या दारात तारीख उभी राहिली.

उरला कर. सप्टेंबर २०१७ च्या अखेरीस अमेरिकी संसदेने आपद्ग्रस्तांसाठी खास सवलत दिली, की पहिले ५०० डॉलर सोडून बाकीचे नुकसान उत्पन्नातून वजा करावे. कायद्याला मान्य होईल असे तिचे नुकसान मी २,८०० डॉलरपर्यंत नेले. त्यातून ५०० गेले; ती दहा टक्क्यांच्या पायरीवर, म्हणजे वाचले २३० डॉलर. त्याच आठवड्यात तेहेतीस टक्क्यांच्या पायरीवरील एका डॉक्टर दांपत्याचे साठ हजारांचे नुकसान मी याच तरतुदीत बसवले. त्यांचे सुमारे वीस हजार वाचले. दोन्ही गणिते निर्दोष होती. डॉक्टरांनी काही गैर केले नव्हते. त्यांचेही घर खरोखरच बुडाले होते. ज्याच्याजवळ अधिक होते त्याचेच नुकसान अधिक, आणि म्हणून भरपाईही त्याचीच अधिक, असे हे शास्त्र आहे. आमची परिभाषाच अशी, की जे तुमचे कधी नव्हते ते तुम्ही गमावू शकत नाही.

तिने गमावले होते ते काम. ती ज्या नऊ घरांत झाडूपोछा करी, त्यांतली सात बुडाली होती. तिथे आता भिंती नव्हत्या, मग फरशी कोण पुसून घेणार? घरमालकांनी तोडलेल्या भिंतींचा खर्च आकड्यात आला. त्या घरांवर जगणाऱ्या तिच्यासारख्यांचे सहा-सहा महिने मला कुठल्याच रकान्यात लिहिता आले नाहीत. मधल्या काळात ती बुरशी धरलेल्या भिंती उखडायच्या कामावर गेली. एका ठेकेदाराने दहा दिवसांची मजुरी बुडवली, आणि त्याचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातील अभ्यासकांनी त्याच सुमारास ह्यूस्टनच्या नाक्यांवरील रोजंदारी मजुरांना विचारले, तेव्हा एक-चतुर्थांशाहून अधिक मजुरांची वादळानंतरची मजुरी अशीच बुडालेली निघाली. शहर ज्यांनी उपसून कोरडे केले, तेच हे हात.

मृत्यूंचेही दोन रकाने असतात. टेक्सासमध्ये ६८ प्रत्यक्ष मृत्यू. त्यांतले तीन सोडता सगळे पुराच्या गोड्या पाण्यात, आणि निम्म्याहून अधिक आमच्या हॅरिस परगण्यात. आणखी सुमारे ३५ अप्रत्यक्ष. विजेचा धक्का, रस्त्यावरचा अपघात, वेळेवर न मिळालेले उपचार. होडीतून गेलेले ते आजोबा पुढच्या फेब्रुवारीत मुलाच्या भाड्याच्या सदनिकेत वारले. वय ८४. त्यांची गणना कुठेच नाही, आणि ती व्हावी असा घरच्यांचाही आग्रह नाही. ते फक्त इतके सांगतात, की त्या सदनिकेत त्यांना रात्री न्हाणीघराची वाट शेवटपर्यंत सापडत नसे.

वादळाच्या पहिल्या स्मृतिदिनी, २५ ऑगस्ट २०१८ रोजी, परगण्याच्या मतदारांनी पूरनियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांना मोठ्या बहुमताने संमती दिली. लोकांनी स्वतःवर कर वाढवून घेतला. इथे ही गोष्ट लहान नव्हे. त्याआधीच मे महिन्यात होंडुरासच्या नागरिकांचे तात्पुरते संरक्षण संपवण्याची घोषणा झाली होती, आणि प्रकरण न्यायालयांत गेले.

२०१९ च्या मार्चमध्ये ती बाई नेहमीप्रमाणे विवरणपत्र भरायला आली. सहा घरे पुन्हा मिळाली होती, हप्त्यांवर एक गाडी घेतली होती. पूर्वी ती पावत्या बुटांच्या खोक्यातून आणी. आता सगळे कागद एका जाड, पाणी न शिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. पावत्या, मुलाचा जन्मदाखला आणि अगदी तळाशी १९९९ सालचा तो पहिला कामाचा परवाना.