रिफ्यूज म्हणजे 'नेत नाई'

दोस्तहो, इंग्रजीतला एक शब्द मला बापानं शिकवला. बाप अंगठेबहाद्दर. शब्द शाळेत सापडला, पण अर्थ त्याच्याकडून कळला.

आमचं गाव शिरपूर जैन. तालुका मालेगाव. तेव्हा जिल्हा अकोला, 1998 पासून वाशिम. गावाची ओळख अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या देवळावरनं. देवळावर दिगंबर-श्वेतांबरांचा वाद. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, 1929 साली निकाल लागला. तरी 1981 ला कुलूप पडलं आणि 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या हुकमानं उघडलं. एकानं 'नाही' म्हणायचं, दुसऱ्यानंही 'नाही' म्हणायचं, आणि दोघांचं 'नाही' ऐकायला न्यायमूर्ती बसायचे. आमच्या पुऱ्यातलं 'नाही' मालेगावलासुद्धा पोचत नव्हतं. ते वाण्याच्या दुकानातच अडायचं.

साल 1972. दुष्काळाचं. मी आठवीत. सकाळीच पाटील बौद्धपुऱ्याच्या तोंडाशी उभा.

"अबे, बैल पडला रात्री. ने ओढून."

बाप बिडी ओढत होता. उठला. "म्या नेत नाई."

"काहून? हातपाय मोडले काय?"

"हातपाय हायेत. पन म्या नेत नाई."

माय मागून कुजबुजली, "ताप आला म्हना. जमत नाई म्हना." बापानं तसं म्हटलं नाही. तापाचं निमित्त सांगितलं असतं तर ताप उतरल्यावर बैल ओढावा लागला असता.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. वावरात काम बंद. वाण्यानं मीठ द्यायचं बंद केलं. माय पिठामिठासाठी मालेगावपर्यंत पायी जायची.

त्याच महिन्यात शाळेत घरातल्या माणसावर इंग्रजीत पाच वाक्यं लिहायला सांगितली. मी डिक्शनरीत शोधून लिहिलं, की माझ्या बापानं मेला बैल न्यायला 'रिफ्यूज्ड'. सरांनी लाल शाईनं तो शब्द खोडला. वर 'डिड नॉट' लिहिलं. व्याकरण चुकलं नव्हतं.

ती लाल रेघ मी पुष्कळ वर्षं डोक्यात घेऊन हिंडलो. 'डिड नॉट' म्हणजे काम झालं नाही, एवढंच. माणूस विसरला असेल, आजारी असेल. 'डिक्लाइन' म्हणजे लग्नाचं आवतण आलं, आपण गोड बोलून येत नाही म्हणून कळवलं. 'डिनाय' म्हणजे आरोप खोटा म्हणणं, किंवा दुसऱ्याचं त्याला न देणं. वाण्यानं केलं ते हे. आणि 'रिफ्यूज' म्हणजे कोणी सांगितलं, अंगात ताकद होती, आणि आपण केलं नाही. यात मर्जी लागते. आपल्या माणसाला मर्जी असते हेच सरांना मान्य नव्हतं. म्हणून शाई सांडली.

डिक्शनरीत त्याच अक्षरांचा आणखी एक शब्द होता. जोर पहिल्या अक्षरावर, शेवटी 'स': रेफ्यूस. अर्थ, कचरा. टाकून दिलेलं. गावानं आपल्याला या शब्दात ठेवलं होतं. बापानं फक्त जोर बदलला.

कायद्यातही हे क्रियापद आहे. अस्पृश्यता गुन्हे कायदा 1955 चा. अस्पृश्य म्हणून माल विकायला नकार देणं त्यात गुन्हा आहे. म्हणजे वाणी 1972 सालीही गुन्हेगारच होता, कोणी सांगितलं नाही. 1976 च्या दुरुस्तीनं कायद्याचं नाव नागरी हक्क संरक्षण झालं, आणि 7 अ कलम आलं: अस्पृश्यतेच्या कारणावरून मेलं ढोर उचलायची जबरदस्ती करणाराला शिक्षा. बाप कायद्याच्या चार वर्षं पुढं होता.

बापाच्याही पुढं कोण होतं ते सांगायला नको. 1936 ला लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष केलं, आणि भाषणातला काही भाग बदला म्हणून सांगितलं. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलं. आणि 1956 च्या बावीस प्रतिज्ञा पहा. पहिल्या आठ नकाराच्या. सगळी माणसं समान, ही नववी. आधी जुनं खाली ठेवायचं, मग नवं उचलायचं.

आता माझी गोष्ट. लिहायची लाज वाटते, म्हणूनच लिहितो. शिकलो, सरकारी नोकरी लागली. ऑफिसात दरवर्षी सत्यनारायण. वर्गणी पगारातून. एका वर्षी साहेबांनी पूजेची यादी करायचं काम माझ्याकडं दिलं. मी अर्ज लिहिला, सफाईदार इंग्रजीत: प्रकृतीच्या कारणानं मी असमर्थ आहे, दिलगीर आहे. साहेबांनी सहानुभूती दाखवली. पुढच्या वर्षी तब्येत विचारली आणि यादी पुढं सरकवली. मी केली.

दिवाळीत घरी बापाला सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुले ताप होता काय?"

"नाही."

"मंग काहून लिवलं?"

दोस्तहो, माय म्हणत होती ते 'जमत नाई' मी बी.ए. होऊन इंग्रजीत लिहिलं होतं. तिच्याजवळ निदान कारण होतं. तिला मिठाची चिंता होती. मला कसली होती?

त्यापुढच्या वर्षी यादी आली तेव्हा मी कोऱ्या कागदावर एक ओळ लिहिली. मी बौद्ध आहे, हे काम मी करत नाही. खाली सही. बदली झाली, दुसरं काही झालं नाही. तुमच्याही टेबलावर असा कागद येईल. 'असमर्थ' लिहायच्या आधी स्वतःला विचारा, ताप आहे काय.