तेलाचा ठिपका

नवी मोटार दारी येते, तेव्हा तिला घरच्या माणसाचाच मान मिळतो. तिच्यापुढे नारळ फुटतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि पहिले काही दिवस तिच्यावर धुळीचा कणही बसू दिला जात नाही. अशा मोटारीखाली एके सकाळी फरशीवर ओलसर ठिपका दिसला, म्हणजे घरधन्याच्या काळजात चर्र होते. कोणी म्हणते, "इंजिन फुटले!" कोणी म्हणते, "विकणाऱ्याने फसवले!" मोटारीला तर तोंड नाही, तिने आपली बाजू मांडावी कशी?

जाणता मेस्त्री या गलक्यात प्रथम काहीच बोलत नाही. तो वाकतो, ठिपक्याला पांढरा कागद टेकवतो आणि उजेडात धरतो. कागद नुसता भिजला आणि डाग न ठेवता वाळला, तर ते पाणी. मोटारीतील वातानुकूलन यंत्र हवेतील बाष्पाचे पाणी करून ते नळीवाटे खाली सोडते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर त्याचे लहानसे तळेच साचते. हिरवी वा गुलाबी छटा दिसली, तर ते बहुधा इंजिन थंड राखणारे द्रव. ते विषारी असते. त्याची चव घेऊन पाहण्याचा शहाणपणा कोणी करू नये. मधासारखा पिवळसर, बोटांना बुळबुळीत लागणारा आणि कागदावर न वाळणारा डाग असेल, तरच इंजिनातील तेलाचा संशय घ्यावयाचा.

परंतु संशय म्हणजे निवाडा नव्हे. कारखान्यात भाग जोडताना लागलेले तेल, गंज चढू नये म्हणून दिलेला मेणासारखा लेप, गाळणी बसवताना सांडलेले चार थेंब, हे सारे इंजिन तापले की पातळ होऊन खाली उतरते. एकदा गळून गेले की संपले.

खरी गळती असली, तरी तिचे मूळ सापडणे सोपे नाही. तेल मोठे लबाड! ते वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून पाझरते, इंजिनाच्या अंगावरून ओघळते, धावत्या मोटारीच्या वाऱ्याने मागे रेटले जाते आणि अखेर तळच्या चेंबरच्या एखाद्या बोल्टावर येऊन लोंबते. तेथला थेंब पाहून जो चेंबरच उतरवतो, त्याचे काम 'आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी' अशातले. चेंबर बिचारे निरपराध. पण घाईघाईने उचकटलेले पॅकिंग पुन्हा नीट बसले नाही, तर पूर्वी नव्हती ती गळती तेथे खरोखरीच सुरू होते.

म्हणून मेस्त्री आधी इंजिन स्वच्छ पुसतो, सांध्यांवर शंखजिऱ्याची पांढरी पूड भुरभुरतो, मोटार थोडी फिरवून आणतो आणि विजेरी घेऊन वरून खाली पाहत येतो. पूड जेथे सर्वांत वर भिजली, तेथे मूळ. एवढ्यानेही चोर हाती न लागला, तर तेलात खास रंगद्रव्य मिसळून अतिनील दिवा लावतात. पाझर अंधारात हिरवट-पिवळा चमकू लागतो. पुष्कळदा गुन्हेगार निघतो तो तेल काढण्याच्या नटाखालचा क्षुल्लक वॉशर.

तेलाची पातळीही तो पट्टी बुडवून मोजतो, तीही मोटार सपाट जागी उभी करून आणि इंजिन बंद करून काही मिनिटे गेल्यावर. उतारावर पट्टीदेखील खोटे बोलते. पातळी किंचित उतरली म्हणजे गळतीच झाली, असेही नाही. नव्या इंजिनातील दट्ट्याची कडी घासून नीट बसेपर्यंत थोडे तेल आतच जळते.

मात्र एवढे सोसणे म्हणजे हयगय नव्हे. लहान मोटारीत तेल असते सुमारे ३ ते ४ लिटर. ते आटले, की धातू धातूवर घासतो आणि इंजिन जागीच जखडते. तापलेल्या धुराड्याच्या नळीवर तेल ठिबकले, तर आगीचेही भय. चालकासमोर तेलाच्या झारीचा तांबडा दिवा लागला, तर घर हाकेच्या अंतरावर असले, तरी मोटार तेथेच बाजूस घेऊन बंद करावी लागते. हा दिवा तेलाचा दाब सांगतो, पातळी नव्हे. तो लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

शेवटी मेस्त्री मोटारीखाली एक कोरा पुठ्ठा सरकवतो, त्यावर तारीख आणि धावेचा आकडा लिहितो. सकाळी त्यावर ठिपका आढळला, तर तो पुठ्ठा हमीच्या कागदपत्रांबरोबर मोटार विकणाऱ्याकडे जातो. पुठ्ठा दोन-तीन सकाळी कोरा राहिला, तर मेस्त्री हत्यारांची पेटी न उघडताच घरी परततो.